निळी फुलं रब्बीची असतात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्सला नवं घर, मागे आठ मीटर बाय पाच मीटरची बाग, माती चिकण. गेल्या वर्षी फेब्रुवारीच्या मध्यात तुम्ही कॉटेज गार्डनच्या निळ्या फुलांची चार पाकिटं आणलीत: कॉर्नफ्लॉवर, लार्कस्पर, लव्ह-इन-अ-मिस्ट आणि नेमोफिला. स्वयंपाकघराच्या खिडकीत ट्रेमध्ये पेरलीत. लार्कस्पर उगवलंच नाही. कॉर्नफ्लॉवर दोऱ्यासारखं लांब होऊन आडवं पडलं. लव्ह-इन-अ-मिस्टची रोपं मे महिन्यात बागेत लावल्यावर पिवळी पडली आणि वीतभर उंचीवर एकेक फूल देऊन संपली. नेमोफिला एका रात्रीत गोगलगायींनी खाल्ला. कोल्हापूरला आईच्या कुंपणावर गोकर्ण असायची, म्हणून यंदा गणपतीला घरची निळी फुलं हवी आहेत. चुकलं काय, कुठली फुलं घ्यावीत आणि गणपतीपर्यंत ती मिळतील का, हे तुम्हाला विचारायचं आहे.

मिळतील. त्यासाठी ग्रीनहाउस लागणार नाही आणि खिडकीतले ट्रेही लागणार नाहीत.

गेली १८ वर्षं मी हर्टफर्डशर आणि बेडफर्डशरमध्ये लोकांच्या बागा सांभाळते. त्याआधीचं सगळं आयुष्य वाईजवळच्या गावात, वडिलांच्या शेतावर गेलं. इथली पुस्तकं या फुलांना 'हार्डी ॲन्युअल' म्हणतात, म्हणजे थंडी सोसणारी, एका वर्षात संपणारी रोपं. सुरुवातीला मला एवढंच कळलं होतं की ही रोपं थंडीत मरत नाहीत. त्यामुळे मीही बियाणं उबेत रुजवत राहिले आणि दोन वर्षं लार्कस्परचा एक कोंबसुद्धा पाहिला नाही. एकदा फोनवर वडिलांना हे सांगत होते. त्यांनी फूल कसं दिसतं, कुठून आलं काही विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "पीक कुठल्या हंगामाचं आहे ते? हरभरा मृगात पेरून कसा चालेल?"

त्या एका वाक्याने माझी बाग बदलली. कॉर्नफ्लॉवर, लार्कस्पर, निजेला, नेमोफिला, ही सगळी रब्बीची पिकं आहेत. त्यांना रुजायला गारवा हवा, वाढीच्या काळात थंडी हवी, आणि दिवस मोठा होऊ लागला की ती फुलतात. निजेला म्हणजेच तुमची लव्ह-इन-अ-मिस्ट. ती आणि लार्कस्पर मूळची भूमध्य समुद्राकाठची. नेमोफिला कॅलिफोर्नियाचा. दोन्हीकडे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत असतो. तिथे बी मे-जूनमध्ये गळून तापलेल्या मातीत पडतं. उन्हाळ्यातल्या एखाद्या चुकार सरीने ते उगवलं, तर आठवड्याभरात करपून जाईल. म्हणून लार्कस्परच्या बीमध्ये सोयच अशी आहे की माती तापलेली असेल तर निजून राहायचं आणि गारवा आला की उठायचं. तुमच्या स्वयंपाकघरात सेंट्रल हीटिंगमुळे २१-२२ अंश तापमान असणार. बीला वाटलं, उन्हाळा चालू आहे. ते खराब नव्हतं, तुम्हीही पाणी कमी घातलं नव्हतं.

कॉर्नफ्लॉवरची गोष्ट तर सरळ शेतातलीच आहे. युरोपात ते शतकानुशतकं गव्हाच्या आणि राय नावाच्या धान्याच्या रानातलं तण होतं. धान्याबरोबर शरद ऋतूत उगवायचं, बर्फाखाली जमिनीला चिकटून हिवाळा काढायचं, जूनमध्ये पिकात निळं निळं फुलायचं आणि कापणीच्या वेळी बियाण्यात मिसळून पुढच्या वर्षीच्या पेरणीत परत शेतात जायचं. दुसऱ्या महायुद्धानंतर तणनाशकं आली, बियाणं यंत्रांनी निवडलं जाऊ लागलं, आणि ब्रिटनच्या शेतांतून हे फूल जवळजवळ नाहीसं झालं. आज ते टिकलंय ते मुख्यतः बागांमुळे. एस्टोनियाचं ते राष्ट्रीय फूल आहे, तेही रायच्या शेताशी असलेल्या याच नात्यामुळे. अशा रोपाला फेब्रुवारीत उबदार खोली आणि अंधूक उजेड दिला की ते उजेडाच्या मागे लांबत जातं. इंग्लंडच्या फेब्रुवारीत खिडकीत येणारा उजेड या रोपांना पुरत नाही.

निजेलाचं वेगळं. तिला लांब सोटमूळ असतं आणि एका जागेवरून उचललेलं तिला अजिबात सोसत नाही. मूळ दुखावलं की ती घाबरल्यासारखी जमेल तेवढ्या उंचीवर घाईने फुलते, बी धरते आणि संपते. तुमच्याकडे तेच झालं. म्हणून यातली कुठलीही फुलं ट्रेमध्ये पेरू नका. जिथे फुलायची आहेत तिथेच पेरायची.

आता जमिनीकडे येऊ, कारण बहुतेक लोक इथेच फसतात. नव्या घराच्या बागेत वरच्या चार बोटं मातीखाली बिल्डरचा राडारोडा आणि यंत्रांनी दाबलेली चिकणमाती असते. फावड्याच्या पात्याइतकी खोल खणा, विटांचे तुकडे काढा, ढेकळं फोडा. पण शेणखत घालू नका. पिशवीतलं कंपोस्टही भरमसाठ नको. सुरुवातीच्या एका बागेत मी कॉर्नफ्लॉवरच्या वाफ्यात घोड्याची लीद घातली होती, मनापासून, आपण शेताला घालतो तशी. रोपं सव्वा मीटर वाढली, गर्द हिरवी झाली आणि जूनच्या पहिल्या जोराच्या पावसात सगळी लोळली. फुलं मोजून पाच-पन्नास. ही रोपं हलक्या, भुकेल्या जमिनीतली आहेत. तुमच्या चिकणमातीत मुळात अन्न भरपूर असतं, फक्त हवा कमी असते. हवा खणण्याने मिळते.

पेरायचं कधी, याचं उत्तर पाकिटावर 'मार्च ते मे' असं छापलेलं असतं. त्यावर जाऊ नका. वाफसा बघा. मूठभर माती उचलून दाबा. गोळा होऊन बोटांना चिकटली तर अजून थांबा. दाबल्यावर गोळा झाला आणि अंगठ्याने ढकलताच फुटला, तर घात आली. मिल्टन कीन्सच्या मातीत हे कधी मार्चअखेर होतं, कधी एप्रिल अर्धा सरतो. दुसरी खूण तणाची. रिकाम्या वाफ्यात बारीक तण आपणहून उगवू लागलं की समजावं, माती ७-८ अंशांच्या वर गेली. तण जे सांगतं ते थर्मामीटरही इतक्या खात्रीने सांगत नाही.

तणाचा अजून एक उपयोग करून घ्या. वाफा तयार करून, दताळ्याने सपाट करून दोन-तीन आठवडे तसाच सोडा. तण उगवेल. कोरड्या दिवशी खुरप्याने किंवा 'हो' (hoe) नावाच्या लांब दांड्याच्या अवजाराने वरच्यावर तासून टाका. खोल जाऊ नका, नाहीतर खालच्या तणाचं बी वर येईल. मग लगेच पेरा. तुमच्या फुलांची अर्धी भांडणं इथेच मिटतात.

पेरताना फोकून टाकू नका. पाकिटावरच्या चित्रात कुरणासारखं रान दिसतं, म्हणून सगळे मूठ भरून उधळतात आणि तीन आठवड्यांनी समोर येतो हिरवा गालिचा. त्यातलं रोप कुठलं आणि तण कुठलं हे मलाही ओळखता येणार नाही. काठीने सरळ रेघ ओढा, एक सेंटिमीटर खोल. शेजारी वीतभर अंतरावर दुसरी. रांगेत उगवलेलं आपलं, रांगेबाहेरचं तण. फुलं आल्यावर रांगा दिसत नाहीत, झाडं एकमेकांत मिसळतात. वेगवेगळी फुलं वेगवेगळ्या तुकड्यांत पेरा, प्रत्येक तुकड्यात रांगांची दिशा थोडी बदला. कॉर्नफ्लॉवर आणि बोराज (हे पाचवं निळं फूल, त्याबद्दल पुढे सांगते) एक सेंटिमीटर मातीखाली. लार्कस्पर जवळपास तितकंच, कारण त्याला रुजायला अंधार लागतो. निजेला आणि नेमोफिला अर्धा सेंटिमीटर. वरून दताळ्याच्या पाठीने हलकं थोपटा.

बी हातात घेऊन बघा, मजा असते. कॉर्नफ्लॉवरचं बी म्हणजे दाढीचा चिमुकला ब्रश. निजेलाचं काळं, कोनदार, थेट आपल्या कलौंजीसारखं. ती तिची सख्खी बहीणच आहे, पण कलौंजी निराळ्या जातीची. बागेतल्या निजेलाचं बी स्वयंपाकात वापरायचं नाही. लार्कस्परबद्दल तर मी कडक शब्दांत सांगते, कारण तुमच्या घरी लहान मूल आहे: त्याचं सगळं झाड विषारी आहे, बी सर्वांत जास्त. पाकीट वरच्या फडताळात ठेवा, आणि पेरून झाल्यावर हात धुवा.

आणि आता विरळणी. इतक्या वर्षांत मी पाहिलंय की लोक पेरणी प्रेमाने करतात, पाणी घालतात, गोगलगायींशी लढतात आणि विरळणीपाशी हात आखडतात. उगवलेलं रोप उपटायचं जिवावर येतं. मला समजतं ते. पण एका वीत जागेत पंधरा कॉर्नफ्लॉवर ठेवलीत, तर पंधराही झाडं काडीसारखी होतात, प्रत्येकी दोन-तीन फुलं देतात आणि महिन्याभरात संपतात. त्याच जागेत एकच झाड ठेवलंत, तर ते बुंध्यापासून फुटतं, फांद्या धरतं आणि आठ-दहा आठवडे फुलत राहतं. खरी चार पानं आली की पहिली विरळणी करा, बोटभर अंतर ठेवून. दोन-तीन आठवड्यांनी दुसरी. शेवटचं अंतर कॉर्नफ्लॉवर आणि लार्कस्परला २५ ते ३० सेंटिमीटर, निजेलाला १५ ते २०, नेमोफिलाला १५, बोराजला ४०. विरळणी पावसानंतर ओल असताना करा, म्हणजे शेजारच्या रोपाचं मूळ हलत नाही. दाट असेल तर उपटण्याऐवजी कात्रीने जमिनीलगत कापा. कॉर्नफ्लॉवर वीतभर झालं की शेंडा खुडा. आठवडाभर फुलं उशिरा येतात, पण झाड भरतं.

आता फुलं. 'निळं' या शब्दावर आधी थोडं थांबते. पाकिटावर निळं म्हणून छापलेलं पुष्कळसं प्रत्यक्षात जांभळट असतं. स्वीट पीचे जे 'निळे' वाण विकतात त्यांत खरा निळा एकही नाही. खरं निळं फूल झाडाला अवघड जातं, आणि कॉर्नफ्लॉवरने ते कसं साधलं याची गोष्ट मला फार आवडते. १९१३ मध्ये रिशार्ड विलश्टेटर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने कॉर्नफ्लॉवरमधलं रंगद्रव्य वेगळं काढलं. पुढे त्याला लाल गुलाबातही मूळ तेच द्रव्य सापडलं, सायनिडिन. एकच द्रव्य गुलाबात लाल आणि कॉर्नफ्लॉवरमध्ये निळं कसं, यावर पुढे अनेक दशकं वाद चालला. २००५ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी त्या निळ्या रेणूची नेमकी रचना उलगडली: रंगद्रव्याचे सहा रेणू, त्यांना साथ देणारे फ्लेव्होन नावाच्या दुसऱ्या द्रव्याचे सहा रेणू, आणि त्यांच्या मधोमध लोहाचा एक, मॅग्नेशियमचा एक व कॅल्शियमचे दोन आयन (विद्युतभार असलेले अणू). धातूंच्या त्या गाठीमुळे निळा रंग जमतो. तुमच्या कामाची गोष्ट एवढीच की ही गाठ पाकळीच्या आत झाड स्वतः बांधतं. हायड्रेंजियाचा रंग जमिनीप्रमाणे बदलतो हे खरं आहे, पण म्हणून कॉर्नफ्लॉवरच्या मुळाशी तुरटी किंवा कॉफीचा चोथा घालायला कुणी सांगितलं तर ऐकू नका. वाण निवडा. 'ब्लू बॉय' हा जुना, उंच, फुलदाणीला उत्तम. मी दरवर्षी तोच पेरते.

निजेलामध्ये 'मिस जेकिल' घ्या. गर्ट्रूड जेकिल (१८४३–१९३२) या बागकर्तीने सरेमधल्या मन्स्टेड वुड इथल्या आपल्या बागेत निवड करत करत हे निळं रूप घडवलं. इंग्लिश कॉटेज गार्डनचा जो साधा, दाट, गावरान बाज आज आपल्याला दिसतो, त्यात तिचा वाटा मोठा आहे. शेतमजुरांच्या झोपड्यांसमोर भाजी, औषधी आणि फुलं एकत्र उगवत, ते तिने लक्ष देऊन पाहिलं आणि त्याला मान दिला. 'मिस जेकिल'चं फूल आभाळाच्या रंगाचं असतं, भोवती शेपूसारख्या पानांचं धुकं. एकेक झाड तीन-चार आठवड्यांपेक्षा जास्त फुलत नाही, हे आधीच सांगून ठेवते. म्हणून निजेला तीन आठवड्यांच्या अंतराने दोन-तीनदा पेरायची. फुलं गेल्यावर फुग्यासारखी बोंडं येतात, ती वाळवून वर्षभर ठेवता येतात. काही बोंडं झाडावरच राहू द्या, पुढच्या वर्षीची पेरणी ती स्वतः करतात.

लार्कस्परसाठी बी ताजंच घ्या, त्याचं बी लवकर जुनं होतं. वसंतात पेरायचं असेल तर ओलसर कागदी रुमालात गुंडाळून, डबीत घालून दोन आठवडे फ्रिजमध्ये ठेवा आणि एप्रिलच्या सुरुवातीलाच पेरून टाका. उशीर झाला तर यंदा सोडून द्या. डबीवर ठळक अक्षरांत नाव लिहा, फ्रिज घरातल्या सगळ्यांचा असतो.

नेमोफिला वाफ्याच्या काठाला, वीतभर उंचीचा, मधोमध पांढरा. त्याला दुपारी थोडी सावली चालते. फॅसेलिया कॅम्पॅन्युलारिया हेही कॅलिफोर्नियाचंच, आणि बियांपासून होणाऱ्या फुलांत इतका गडद, शाईसारखा निळा मला दुसरा माहीत नाही. त्याच्या पानांवरच्या लवेने काहींच्या हाताला खाज येते, हातमोजे घाला. याच कुळातला उंच फॅसेलिया शेतकरी हिरवळीच्या खतासाठी पेरतात. तो जांभळट असतो, पण मधमाश्यांना त्याच्याइतकं प्रिय काही नाही. बोराज एकदा पेरलं की पुन्हा पेरावं लागत नाही. कळी गुलाबी, उमलली की निळी चांदणी. फूल खाता येतं, चव काकडीसारखी. सायनोग्लॉसमचा 'फर्मामेंट' हा वाण सुरेख निळा आहे, फक्त त्याच्या बिया कुसळांसारख्या कपड्यांना चिकटतात.

तुमच्या गोकर्णीबद्दल. गोकर्ण इथे उघड्यावर जमत नाही, तिला रात्रीचीही ऊब लागते. तिच्या जागी मॉर्निंग ग्लोरीचा 'हेवनली ब्लू' लावा. हा मात्र खरिपाचा गडी. त्याला थंडी मुळीच चालत नाही, म्हणून याच्यासाठी तुमची खिडकी योग्य. एप्रिलच्या शेवटी बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवा आणि एका छोट्या कुंडीत दोन-दोन पेरा. जून उजाडल्यावर, रात्री १० अंशांच्या वर राहू लागल्या की मुळाभोवतीच्या मातीसकट, न हलवता, दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीला लावा आणि चढायला दोरी द्या. कळी जांभळट-लाल असते. फूल उमलताना पाकळीच्या पेशींतल्या रसाचा सामू (pH) ६.६ वरून ७.७ पर्यंत चढतो आणि तोच रंग आभाळी निळा होतो. सकाळी पूजेच्या वेळी फुलं टवटवीत असतात, दुपारपर्यंत मिटतात. याचंही बी खाण्यासारखं नाही, मुलापासून लांब ठेवा.

गोगलगायींचा बंदोबस्त रोप उगवायच्या आधीपासून करावा लागतो. मेटाल्डिहाइडच्या निळ्या गोळ्या ब्रिटनमध्ये २०२२ पासून बागेत वापरायला बंदी आहे. जुन्या शेडमध्ये कुणाकडे पडून असतील आणि ते देऊ करतील, तर घेऊ नका. साळिंदरासारख्या दिसणाऱ्या इथल्या हेजहॉगला, कुत्र्या-मांजरांना त्या घातक आहेत. फेरिक फॉस्फेटच्या गोळ्या चालतात, अगदी विरळ टाकायच्या. नेमाटोड हे सूक्ष्म कृमी पाण्यात कालवून घालतात, माती ५ अंशांच्या वर असली की काम करतात. याहून भरवशाचा उपाय म्हणजे पाणी सकाळी घालणं, आणि पहिले तीन आठवडे रात्री दहाला टॉर्च घेऊन बागेत एक चक्कर मारणं. लार्कस्परची कोवळी रोपं त्यांना सगळ्यात प्रिय, तिकडे आधी जा.

आता गणपती. यंदा, २०२६ मध्ये, ज्येष्ठ अधिक असल्याने गणपती उशिरा, १४ सप्टेंबरला आहेत. एप्रिलमध्ये पेरलेली फुलं तोवर सरलेली असतील. ती जून-जुलैसाठी. गणपतीसाठी वेगळी पेरणी करावी लागेल, आणि ती उन्हाळ्यात करायची असल्यामुळे थोडी हिकमत लागेल. कॉर्नफ्लॉवर पेरणीपासून साधारण ११-१२ आठवड्यांत फुलतं. १० जूनला एक रांग आणि २५ जूनला दुसरी रांग पेरा. हवामानाप्रमाणे दोनातली एक नक्की वेळेवर येईल. निजेलाला १२-१३ आठवडे धरा, ती १० जूनच्या सुमारास. फॅसेलिया कॅम्पॅन्युलारिया आणि बोराज जुलैच्या पहिल्या आठवड्यात. लार्कस्परचं नाव घेऊ नका, जूनच्या मातीत ते झोपूनच राहील. आणि 'हेवनली ब्लू' ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आपोआपच भरात असतो.

जूनमध्ये पेरताना माती कोरडी असते. पेरल्यावर वरून पाणी घातलंत तर चिकणमातीची खपली धरते आणि कोंब तिच्याखाली अडकून मरतो. म्हणून पाणी आधी. रेघ ओढा, झारीने ती रेघ दोनदा भरा, पाणी मुरू द्या, ओल्या रेघेत बी टाका आणि वरून कोरडी भुसभुशीत माती ओढा. खाली ओल, वर कोरडं. ज्वारी पेरताना आपल्याकडे ओलीवर बी पडावं म्हणून जी धडपड असते, तीच ही. उन्हाचा कडाका असेल तर आठवडाभर वरून पांढरं फ्लीस, म्हणजे रोपांवर घालायचं पातळ कापड, अंथरा. एप्रिलच्या झाडांपेक्षा ही झाडं बुटकी राहतील, कारण दिवस लहान होऊ लागलेला असतो. फुलं मात्र तितकीच निळी.

फुलं पहाटे, दव असताना तोडा. कॉर्नफ्लॉवर अर्धवट उमललेलं असताना तोडलं तर चार-पाच दिवस टिकतं. देठ कडक असल्यामुळे हारात ओवायलाही बरं पडतं, पण सुई देठाच्या वरच्या फुगीर कळीतून घाला, पाकळ्यांतून घातली तर फूल सुटतं. रोज तोडत राहा. बी धरू दिलंत की झाड थांबतं. आणि आरास करताना एक करून बघा: निळी फुलं मखराच्या अंधाऱ्या बाजूला ठेवा. संधिप्रकाशात लाल रंग आधी काळवंडतो आणि निळा उजळतो. डोळ्याचा हा गुण पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात टिपला. समईच्या पिवळ्या उजेडात तो फायदा जातो, म्हणून दिवेलागणीच्या आधीची अर्धी घटका बघा.

तुमच्या आईलाही हे पेरायचं असेल तर कोल्हापूरला जमेल. देशावर ही फुलं आपण थंडीची सीझनल म्हणून ओळखतो. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधल्या जानेवारीच्या पुष्पप्रदर्शनात मी पहिल्यांदा लार्कस्पर पाहिलं होतं, तेव्हा नाव माहीत नव्हतं. तिकडे ऑक्टोबरच्या अखेरीस, रात्री गार होऊ लागल्या की पेरायचं, सकाळचं ऊन मिळेल अशा जागी. जानेवारी-फेब्रुवारीत फुलतात आणि मार्चच्या उन्हाने आवरतात. कोकणात तेवढा गारवा पडत नाही, तिथे गोकर्णच बरी.

शेवटची आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पेरणी तुम्ही विचारलेलीच नाही. अनंत चतुर्दशी यंदा २५ सप्टेंबरला आहे. त्याच्या मागेपुढे, जो कोरडा दिवस मिळेल त्या दिवशी, वाफ्याचा अर्धा भाग मोकळा करून कॉर्नफ्लॉवर, निजेला आणि लार्कस्पर पेरा. मिल्टन कीन्ससाठी ही तारीख थोडी उशिराकडे झुकते. जमलं तर गणपतीच्या आधीच्या आठवड्यात उरकून घ्या. माती अजून कोमट असते, रात्री गार होत असतात, लार्कस्पर फ्रिजशिवाय उगवतं. नोव्हेंबरपर्यंत रोपं बशीसारखी जमिनीला चिकटून बसतील आणि मग तीन-चार महिने काहीच करणार नाहीत. मेली असं वाटेल. उपटू नका. पाणी साचणार नाही एवढंच बघा, आणि कबुतरं टोचू लागली तर काटक्या आडव्या टाका. नेमोफिला आणि फॅसेलिया तुमच्या ओल्या चिकणमातीत हिवाळा काढतीलच असं नाही, ते मार्च-एप्रिलला ठेवा. विरळणीतली शेवटची फेरी वसंतात करा, कारण काही रोपं थंडीत जातील. जी राहतील ती मेच्या अखेरीस, एप्रिलच्या पेरणीपेक्षा महिनाभर आधी, कमरेएवढ्या उंचीवर फुलतील. लार्कस्परला तेव्हा आधाराच्या काड्या लागतील. त्या मार्चमध्येच रोवून ठेवा, झाड वाढल्यावर रोवलेल्या काड्या मुळं तोडतात.